रिबन न लावता छापलेल्या याद्या

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. पाटीवर ‘संगणक सेवा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि जिना चढून येणारी निम्मी माणसं पत्रिका काढून मिळेल का म्हणून विचारायची. ऑफिस एका तरुण इंजिनिअरचं होतं, त्याला आम्ही सर म्हणायचो. आम्ही म्हणजे तिघी टायपिस्ट. त्यातली मी सगळ्यांत मोठी, अठ्ठावीस वर्षांची. त्याआधी सहा वर्षं मी एका शाळेच्या ऑफिसात मराठी टायपरायटरवर काढली होती.

सरांना एक मोठं काम मिळालं. तळोज्याच्या बाजूच्या गावांच्या मतदार याद्या, त्याही मराठीत, संगणकावर चढवायच्या आणि छापून द्यायच्या. ह्या कच्च्या याद्या होत्या. त्या गावागावांत चावडीवर, शाळेत लावायच्या, लोकांनी आपलं नाव तपासायचं, चूक असेल तर सांगायचं, आणि मग पक्की यादी निघायची. हाताने लिहिलेल्या वह्यांचे गठ्ठे आमच्याकडे आले आणि चार महिने आम्ही तिघी नुसती नावं टाइप करत होतो.

नावं टाइप करता करता मला ती गावं कळायला लागली. मी तोवर त्यांतल्या ओवे गावाला कधी गेले नव्हते, पण तिथल्या कुठल्या घरात पाच भाऊ एकत्र राहतात आणि कुठल्या घरात एकटी म्हातारी आहे हे मला पाठ झालं होतं. खाली गावातल्या लोकांची वयं सदतीस, बावन्न, एकोणतीस अशी असायची. डोंगराकडच्या वाड्यांचं पान आलं की सगळेच तीस, चाळीस किंवा पन्नास. मोजणाऱ्याने तोंडाकडे बघून अंदाजाने आकडा टाकलेला असायचा.

टायपिंग संपलं तेव्हा याद्या द्यायला तीस दिवस उरले होते. आम्ही सुटलो असं वाटलं. छपाईचं काय, प्रिंटर आहेच की.

तो प्रिंटर सरांनी ऑफिस उघडताना घेतला होता. विकायला आलेल्या माणसाने इंग्रजी पत्र छापून दाखवलं होतं, आणि एक अख्खं पान एक मिनिटाच्या आत बाहेर पडलेलं बघून सरांनी तिथल्या तिथे होकार दिला होता. नऊ बारीक सुया रिबनवर आपटून कागदावर ठिपके उमटवायच्या, त्या ठिपक्यांची अक्षरं. एखादं पत्र, एखादा तक्ता, यासाठी उत्तम. त्या सकाळी आम्ही ओव्याच्या यादीचं पहिलं पान सोडलं आणि खुर्च्या ओढून त्याच्याभोवती बसलो.

प्रिंटरचं सुयांचं डोकं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि कागदावर फक्त वेलांट्या आणि मात्रा उमटल्या. परत आलं, तेव्हा अक्षरांचं अंग आलं. तिसऱ्या खेपेला खालचे उकार आले. मग सगळं पुन्हा एकदा, ठसठशीत दिसावं म्हणून. इंग्रजी अक्षरं त्या यंत्राला जन्मतः येत होती. मराठी अक्षर त्याला येत नव्हतं, ते चित्र काढल्यासारखं ओळ ओळ काढत होतं. मी घड्याळ बघत होते. एका पानाला चार मिनिटं लागली.

सरांनी पेन्सिल घेतली. नऊशे पानं, प्रत्येकाच्या वीस प्रती. दिवसाचे आठ तास न थांबता चालवलं तरी पाच महिने. आणि न थांबता चालणारही नव्हतं, कारण दहा पानांनंतर मी त्या तापलेल्या डोक्याला बोट लावलं तर फोड आला.

“कार्बन घालू,” सर म्हणाले. कार्बन घालून पाहिला. दुसरी प्रत बरी आली. तिसऱ्या प्रतीत ‘ध’ आणि ‘घ’ सारखेच दिसायला लागले. मतदार यादीत असं चालणार नव्हतं. आणि तरीही पन्नास दिवस लागलेच असते.

सरांचा एक वर्गमित्र तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका केमिकल कारखान्याच्या संगणक विभागात होता. तिथे फार मोठा प्रिंटर आहे एवढं सरांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने गेलो. फाटकापाशी उतरलो तेव्हा हवेत सडक्या बदामासारखा वास होता. आत संगणकाच्या खोलीत जायला चपला काढाव्या लागल्या. थंडगार फरशी, आणि कोपऱ्यात छातीएवढ्या उंचीचं, कपाटासारखं बंद असलेलं एक यंत्र.

“झाकण उघडं ठेवून चालवू?” मित्राने हसून विचारलं. “कानावर हात ठेवा.”

मी हात ठेवले नाहीत, आणि मला पस्तावा झाला नाही. त्याने बटण दाबलं आणि त्या कपाटातून एक गर्जना निघाली. ते अक्षरामागून अक्षर छापतच नव्हतं. अख्खी ओळ एका फटक्यात. खालच्या खोक्यातून कागद वर उसळत होता, मागच्या बाजूला स्वतःच घडी घालून पडत होता, आणि माझ्या डोळ्यांना एकही ओळ धरता येत नव्हती. मी एक श्वास घेतला तेवढ्यात एक पान झालं. फरशीतून ती थरथर माझ्या अनवाणी पायात चढत होती. गिरणीतलं जातं, समुद्रातली बोट, असलं काही मी त्याच्याशी जुळवून पाहिलं, पण कशाशीच जुळलं नाही. माणसांनी हे बनवलंय, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला.

“आमची नऊशे पानं?” सरांनी ओरडून विचारलं.

“एका सकाळीत,” मित्र म्हणाला. “द्या फ्लॉपी.”

सरांनी फ्लॉपी पुढे केली. मग मित्राने सहज विचारलं, “काय आहे, पगारपत्रकं?”

“नाही. मराठी याद्या आहेत.”

त्याचा हात तिथेच थांबला. त्याने यंत्र बंद केलं, आत हात घालून एक पोलादी पट्टा काढला आणि माझ्या हातात दिला. करगोट्यासारखा गोल, आणि त्याच्या कडेने कोरलेली अक्षरं. ए बी सी डी, आकडे, स्वल्पविराम, पुन्हा ए बी सी डी. “हा पट्टा गरगर फिरतो आणि मागून हातोड्या मारतात,” तो म्हणाला. “जे कोरलंय तेवढंच छापतं. यात ‘क’ नाही हो ताई.”

मी पट्टा फिरवून फिरवून पाहिला. खरंच, एवढ्या मोठ्या यंत्रात एकही ‘क’ नव्हता.

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत बसले होते. खारघरच्या बाजूला तेव्हा नुसता डोंगर आणि भाताची खाचरं. माझ्या डोक्यातून त्या हातोड्या जात नव्हत्या. हातोडी मारते, अक्षर उमटतं. म्हणजे शेवटी टायपरायटरच. आमचा प्रिंटरही सुया मारतोच. आणि शाळेत असताना मी परीक्षेचे पेपर कसे काढायचे? टायपरायटरची रिबन बाजूला सारायची आणि उघड्या खिळ्यांनी स्टेन्सिलवर मारायचं. मेणाच्या त्या पातळ कागदावर अक्षराच्या आकाराची भोकं पडायची, मग ते स्टेन्सिल सायक्लोस्टाइलच्या रुळावर चढवलं की भोकांतून शाई पाझरून हव्या तेवढ्या प्रती.

“सर,” मी म्हणाले, “प्रिंटरची रिबन काढली तर?”

“तर काहीच छापणार नाही.”

“कागदावर नाही छापणार. स्टेन्सिलवर भोकं पडतील.”

ते माझ्याकडे बघत राहिले. पनवेलला उतरल्यावर म्हणाले, “सुया मोडल्या तर?”

“मोडल्या तर मोडल्या. असंही पाच महिने कोण थांबणार आहे?” मी असं कुणाला बोलणारी नव्हते. कुठून आलं कोण जाणे.

मी स्टेन्सिलं आणली आणि रिबनची डबी उचलून बाजूला ठेवली. रिबन नसताना प्रिंटरचा आवाज बदलला, कोरडा झाला, पत्र्यावर वाळू टाकावी तसा. चार मिनिटांनी स्टेन्सिल बाहेर आलं, मी ते वर उचललं, आणि ते माझ्या हातात चिंधी होऊन लोंबायला लागलं. प्रत्येक ओळ वरून फाटली होती. शिरोरेषा! ठिपक्याला ठिपका लागून सरळ रेघ पडलेली, पोस्टाच्या तिकिटाची कडा फाडावी तसा कागद सुटत होता. इंग्रजी असतं तर हे झालं नसतं. आपल्याच लिपीचं छप्पर आपल्यावर कोसळलं होतं.

ती चिंधी घेऊन मी मोहल्ल्यातल्या चाचांकडे गेले. मशिदीच्या अलीकडे त्यांचं सायक्लोस्टाइलचं दुकान होतं. पांढरी दाढी, काळी नखं. आमच्या शाळेचे पेपर त्यांच्याकडेच निघायचे, आणि माझं स्टेन्सिल हातात घेतल्याबरोबर ते म्हणायचे, “बेटी, आज गुस्से में टाइप केलं काय?” माझ्या बोटांचा जोर त्यांना कागदावरून कळायचा.

त्यांनी चिंधी डोळ्यांजवळ नेली. बराच वेळ पाहिली. “हे कुणी मारलं?”

“मशीनने.”

“हर ठिपका बराबर आहे,” ते हळूच म्हणाले. “एक पण हलका नाय, एक पण भारी नाय. चाळीस साल झाले मला, असा हात नाय पाहिला.” मग त्यांनी ती टेबलावर पसरली. “पण दोन दफा मारतोय. एका जागी दोन दफा कशाला?”

“ठसठशीत दिसावं म्हणून.”

“कागदाला ठसठशीत लागतं. स्टेन्सिलला नाय. त्याला सांग, एकदाच मार. आणि वर ही टाक.” त्यांनी फळीवरून एक गुंडाळी काढली. झिरमिरीत, पारदर्शक, प्लास्टिकची पातळ फिल्म. “सुई हिच्यावरून गेली की फाडत नाय, दाबते. सबर कर, होईल.”

प्रिंटरमध्ये कच्च्या छपाईची एक सोय होती. एकाच फेरीत, फिकट, विरळ ठिपक्यांची. ती इतकी गरीब दिसायची की आम्ही ती कधी वापरलीच नव्हती. मी ती लावली. स्टेन्सिलवर फिल्म टाकली. प्रिंटर सुरू झाला आणि दोन मिनिटांच्या आत पान बाहेर आलं. आधीपेक्षा निम्म्या वेळात.

स्टेन्सिलवर काहीच दिसत नव्हतं. निळसर, सपाट, कोरं. सर म्हणाले, “गेलं वाटतं.” मी ते दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेलं. दुपारचं ऊन समोरच्या भिंतीवर होतं. मी स्टेन्सिल उन्हाकडे केलं.

आणि नावं पेटली. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. प्रत्येक अक्षर उजेडाच्या ठिपक्यांचं, बारीक, स्वच्छ, शिरोरेषा सुद्धा उजेडाच्या मण्यांची, आणि कुठेही न फाटलेली. त्या पानावरची तीस माणसं, त्यांच्या बापांची नि नवऱ्यांची नावं, घर क्रमांक, वय. चार महिने ज्यांना मी बोटांनी बडवत होते ती सगळी माणसं हवेत उभी होती. बाकीच्या दोघी येऊन मागे उभ्या राहिल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

चाचांनी ते रुळावर चढवलं. हँडलचा पहिला फेरा कोरा गेला, दुसरा फिकट आला, आणि तिसऱ्या फेऱ्यात काळंभोर पान त्यांच्या तळहातावर पडलं. विसावी प्रत पहिलीपेक्षा सुरेख होती. “अजून शंभर निघतील,” ते म्हणाले. “थांबू की काढू?”

त्यानंतर आमचं एक चक्र बसलं. प्रिंटर सकाळी साडेनऊला सुरू व्हायचा. वीस स्टेन्सिलं झाली की त्याला विश्रांती, तेवढ्यात मी स्पिरिट आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन सुयांवरचं मेण साफ करायची. आमच्यातली एक जण स्टेन्सिलांची चळत वर्तमानपत्रात गुंडाळून मोहल्ल्यात पोचवायची. चाचांच्या दुकानात दोरीवर पानं वाळत असायची, एका दोरीवर एक गाव. एक दिवस वीज गेली. प्रिंटर मुकाट बसला आणि चाचांचं हँडल चालूच राहिलं, तेव्हा ते जिना चढून फक्त एवढंच विचारायला आले की आमच्या साहेबांची, म्हणजे प्रिंटरची, तब्येत बरी आहे ना. एक सुई मोडली ती सोळाव्या दिवशी, शेवटच्या गावाला. त्या गावच्या यादीत प्रत्येक अक्षराच्या पोटातून एक केसासारखी पांढरी रेघ गेलेली आहे. अठराव्या दिवशी नऊशे पानांच्या वीस प्रती बांधून तयार होत्या.

ओव्याला यादी लावायची होती त्या दिवशी मी मुद्दाम गेले. तलाठ्यांना मदत लागेल असं सरांना सांगितलं, पण खरं म्हणजे मला ती माणसं बघायची होती. शाळेच्या पडवीत यादी टांगली होती, पण वाचता येणारे थोडे. शेवटी तलाठी म्हणाले, “तुम्हीच वाचा ना, तुम्हीच टाइप केलीय.” मी वाचायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, आपापलं नाव ऐकून लोक उठून जातील. कुणी उठलं नाही. दुसऱ्याची नावंही ती माणसं तितकीच कान देऊन ऐकत होती. एखाद्या नावाला मागून कुणीतरी “हाय, हाय, हितंच हाय” म्हणायचं. एका नावाला सगळे गप्प झाले आणि एक म्हातारा म्हणाला, “तो गेला गं माय. दिवाळीला.” मी त्या नावापुढे पेन्सिलीने खूण केली.

डोंगराच्या बाजूने आलेली एक बाई पडवीच्या कडेला उकिडवी बसली होती. हाताला वीटभट्टीची लाल माती. तिचं नाव आलं तेव्हा ती उठून माझ्याजवळ आली.

“खय हाय? दाव.”

मी बोट ठेवलं. तिने वाकून पाहिलं.

“ह्ये कुनी लिवलं?”

“मशीनने लिहिलं.”

“मशीनला माजं नाव कुनी सांगितलं?”

“मी,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे नीट बघत राहिली, जणू मी तिची कुणी तरी लांबची नातेवाईक लागत होते. “आनी चाळीस कुनी सांगितलं? मी काय चाळीस दिसते?” तेव्हा पडवी हसली, तीही हसली. मग एकदम गंभीर झाली. “पन वरच्या वाडीचं, माज्या म्हायेराचं, कोनच नाय यात. तू वाचलंस ते समदं खालच्या वाडीचं.”

तलाठ्यांनी कागद चाळले. खरंच नव्हतं. मोजणीला माणूस गेला तेव्हा वरची वाडी वीटभट्टीवर कामाला गेली होती, झोपड्यांच्या दारांना काटक्यांचे कुड लावून. त्याने रिकामी म्हणून सोडून दिली. दुपारी ती बाई मला आणि तलाठ्यांना घेऊन वर गेली आणि अकरा झोपड्यांतल्या माणसांची नावं आम्ही उभ्या उभ्या लिहून घेतली. वय विचारलं की ती माणसं सांगायची, अमक्या पुराच्या आधी मी चालत होते, तमक्या साली माझं लगीन झालं. मी वजाबाकी करून आकडा लिहीत होते. एकही तीस, चाळीस आला नाही.

सरांनी पुढल्या वर्षी नवा प्रिंटर घेतला तेव्हा विकणाऱ्याला माझ्यासमोर बसवलं. मी त्याला ओव्याचं एक पान दिलं आणि म्हटलं, हे मराठीत, लागोपाठ शंभर वेळा छाप, मी बसते. त्याने दोन यंत्रं आणली होती. देखणं होतं ते चाळिसाव्या पानाला तापून थांबलं. दुसरं जाडजूड, बसकं, कर्कश होतं, पण ते शंभराव्या पानालाही पहिल्याच चालीने चालत होतं. आम्ही ते घेतलं आणि त्याने वर्षानुवर्षं आम्हाला साथ दिली.

पण त्याआधी ती वरच्या वाडीची पुरवणी राहिली होती. एकच पान. ते मी जुन्याच प्रिंटरवर घेतलं, सुई बदलून, रिबन पुन्हा बसवून, कच्चं नाही तर चांगल्यात चांगल्या छपाईत, दोन-दोन फेऱ्यांचं. पाच प्रती, प्रत्येकीला चार मिनिटं. मी शेजारी हाताची घडी घालून बसले होते आणि मला जराही घाई नव्हती. वेलांट्या आल्या, मग अंग आलं, मग उकार. एकेक माणूस सावकाश कागदावर उतरत होतं.

एक प्रत मी स्वतः वर नेऊन दिली. माहेरी आलेल्या त्या बाईने ती लगेच घेतली नाही. आधी हंड्यातल्या पाण्याने हात धुतले, लुगड्याला कोरडे केले, आणि मग दोन्ही हात पुढे केले.